चार चाकांचा मुराळी

सिरसाळ्यात आमच्या शेजारी राहणारे शिवलिंगअप्पा माणूस भेटला की आधी त्याचं वजन विचारायचे. 'शरणार्थ' म्हणून हात जोडायचे आणि लगेच, "किती भरता तुमी?" किराण्याचं दुकान, पोत्यांचा काटा दारातच. नको म्हणायच्या आत गिऱ्हाईक काट्यावर. मी शाळामास्तर, अंगावर मांस नावाला. माझं वजन बघून अप्पा इतके खूश झाले की त्यांनी मला चहा पाजला. त्यांच्या हातचा फुकट चहा प्यायलेला गावातला मी पहिलाच.

"गुरुजी, लग्नात आमची महानंदा भरली तेवढंच तुमी भरता. इतवारी घाटात चला."

महानंदा ही अप्पांची एकुलती एक लेक. बायको लवकर गेली, अप्पांनीच तिला वाढवलं आणि युसूफ वडगावच्या मोठ्या घरात दिली. मोठं घर म्हणजे काय ते नंतर कळलं. तिला भाऊ नाही, म्हणून पंचमीला माहेरी आणायला मुराळी होऊन अप्पाच जायचे, आपल्या टू-स्ट्रोक मोटारसायकलवर. आणि दर वर्षी एकटेच परत यायचे. कधी सासूला बरं नसायचं, कधी खुरपणी असायची. मग उदारीकरणाचे दिवस आले. व्याह्यांना रस्त्यांचे ठेके मिळाले, दारात नवी जीप आली आणि जिभेला हाड उरलं नाही. ओट्यावर चार माणसं बसलेली असताना ते अप्पांना म्हणाले, "आमची सून फटफटीवर बसनार न्हाई. चारचाकी आना आन घेऊन जा."

"भाड्याची जीप न्या की," मी म्हटलं.

"मंग पोरीला जल्मभर ऐकावं लागंल, तुज्या बापाची भाड्याची जीप. आपली सोताची नेतो."

भंगारातून चाकं आणली, वेल्डिंगवाल्याकडून सांगाडा करून घेतला आणि मोटारसायकलच्या इंजिनाला अप्पांनी चार चाकं लावली. वर दोघांपुरती बैठक. बाजेला चाकं फुटावीत तसं ते दिसायचं. गाव पोट धरून हसलं. व्याह्यांना मात्र कोणी हसलं नाही. जीपवाल्याला हसायची आपल्याकडे पद्धत नाही.

अडचण एकच होती. ते इंजिन चार चाकं आणि दोन माणसं घेऊन अंबाजोगाईचा घाट चढेना. आणताना उतार होता, पण सण झाल्यावर लेकीला परत पोचवताना चढ लागणार. आणि पोचवायची हमी दिल्याशिवाय व्याही तिला सोडणार नव्हते.

मोठं इंजिन परवडणारं नव्हतं. मग आहे त्याचीच ताकद वाढवायची. सिलिंडरची भोकं कानशीनं मोठी केली, हेड काचेवर घासलं, कार्बोरेटरला मोठा जेट बसवला, चढाला जोर मिळावा म्हणून चेनची मागची चक्री मोठी घातली. आणखी दम यावा म्हणून सायलेन्सरही नवा केला, गोडेतेलाच्या डब्याच्या पत्र्याचा, मधे फुगीर आणि दोन्हीकडं निमुळता. तो सारखा फाटायचा. गिऱ्हाईक साखर मागायचं आणि अप्पा कानस घेऊन बसलेले. साखरेलाही काळं तेल लागायचं.

"दम हाय हो, फकस्त कोंडलाय," हे त्यांचं पालुपद. इंजिनाबद्दल तेच आणि माझ्या नापास पोरांबद्दलही तेच. एकदा रेडिओवर खुल्या बाजाराची बातमी चालली होती. कानस थांबवून अप्पा म्हणाले, "सरकारनं समद्यांला मोकळं केलं म्हनं. आमच्या पोरीला कावून न्हाई केलं?" मी रेडिओ बंद केला.

रविवारी मी वजन म्हणून मागे बसायचो. कित्येक रविवार आम्ही अर्ध्या घाटातून घरंगळत खाली आलो. अखेर श्रावणाच्या तोंडावर गाडी माथ्यापर्यंत गेली. अप्पा तिथल्या दगडावर बसून रडले.

पंचमीच्या आधी ते व्याह्यांच्या दारात गेले आणि त्याच चार माणसांदेखत म्हणाले, "मोजा चाकं." व्याह्यांना शब्द फिरवता येईना. सणाच्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आत पोरगी परत, या अटीवर त्यांनी तिला सोडली.

घरी आल्यावर अप्पांनी लेकीला हौसेनं काट्यावर उभं केलं आणि एकेक माप उतरवत गेले. ती माझ्यापेक्षा कितीतरी कमी भरली. सणाच्या बांगड्या भरताना कासारणीला तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग दिसला. तिनं काही विचारलं नाही. एरवी ती बाई अख्ख्या गावाची चौकशी करते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या कामासाठी मी एसटीनं अंबाजोगाईला निघालो होतो. घाटाच्या मध्यावर अप्पांची गाडी उभी दिसली. मी उतरलो.

"चढत न्हाई, गुरुजी," माझ्याकडे न बघता अप्पा म्हणाले.

मी वाकून पाहिलं. पत्र्याचा सायलेन्सर काढून जुना बसवला होता. मागची चक्रीही जुनीच, लहान. कितीतरी महिने खपून चढवलेली ताकद या माणसानं आपल्या हातानं उतरवली होती. मला इतकं बरं वाटलं की शाबासकी द्यावीशी वाटली.

"आता घरी जाऊ," अप्पा लेकीला म्हणाले. "उद्या दुरुस्त करू. न्हाईतर परवा. बघू."

महानंदा खाली उतरली. तिनं सायलेन्सरकडे पाहिलं. त्याच दुकानात वाढलेली पोर, तिला कळायला वेळ लागला नाही.

"अप्पा, तुमी काय केलं ते कळलं मला," ती म्हणाली. "पर अंधार पडला तर तितं मलाच भोगावं लागंल. तुमाला न्हाई."



तिनं पदर खोचला, मागं गेली आणि गाडी ढकलायला लागली. "हँडल सरळ धरा, अप्पा."

अप्पांनी हँडल सरळ धरलं. मग मीही हात लावला आणि गाडी तिच्या सासरच्या दिशेनं वर सरकू लागली.