कुत्र्याची सुई आणि कानबाईचा रोट

जावयाने सासरी यावं, पाटावर बसावं, पोटभर जेवावं आणि टोपी सरळ करून परत जावं. जीवरामने काय केलं? भुसावळहून आला तो काखेत कुत्रं घेऊन, आणि आल्या आल्या सासूच्या दुधाच्या पातेल्यात त्या कुत्र्याची सुई उकळायला ठेवली! तीही कानबाई देवीच्या सणाच्या आदल्या दिवशी. ज्या पातेल्यात देवीची खीर शिजायची, त्यात काचेची पिचकारी टणटण उड्या मारत होती.

झुंबरबाईंना आधी वाटलं, पाव्हणाच आजारी आहे. त्यांनी लेकीला, कमलला, कोपऱ्यात ओढलं.

"काय व्हयनं वं तुना नवराले?"

"त्यासले काही नही व्हयनं, माय. जिमीले साखर शे."

"कोन जिमी?"

कमलने खाटेवरच्या पांढऱ्या केसाळ गाठोड्याकडे बोट दाखवलं. झुंबरबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. कुत्र्याला खरूज झालेली त्यांनी पाहिली होती, पिसाळलेलं कुत्रं पाहिलं होतं, पण साखर? ती तर मोठ्या माणसांची. पंचक्रोशीत एकट्या सरपंचाला होती, आणि तो ते सांगताना मिशीला पीळ द्यायचा.

जीवराम रेल्वेतला कारकून. प्रत्येक गोष्ट नियमाने. थर्मासमधला बर्फ वितळला म्हणून त्याने इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून माठाखालच्या ओल्या वाळूत पुरली आणि घरभर जाहीर केलं, "सकाळ-संध्याकाळ सुई. आधी खाणं, मग सुई. आणि गोड? साखरेचा एक कण नाही!"

"शिळी भाकर दिधी ते?" झुंबरबाईंनी आपलं माणुसकीने विचारलं.

"मामी, तुम्ही जिमीच्या खाण्यात पडू नका. त्यातलं तुम्हाला नाही कळायचं."

चूल फुंकणारी सून फुंकायची थांबली. झुंबरबाईंची सासू मेल्यापासून त्या घरात असं कोणी बोललं नव्हतं. झुंबरबाई काही म्हणाल्या नाहीत. त्यांच्या शिव्यांना घर सरावलेलं होतं. गप्प बसण्याला नव्हतं.

रविवारी कानबाई बसली. सोमवारी सकाळी तिला विसर्जनाला नदीवर न्यायचं, म्हणून दारात बँड आला. जीवरामची धांदल उडाली. त्याने जिमीपुढे ताटली ठेवली, "खाईलच आता" म्हणत सुईही टोचून टाकली आणि सदरा बदलायला आत गेला. तेवढ्यात ढोल दणाणला. जिमी शेपूट घालून खाटेखाली. शेजारच्या पार्वताबाईची बकरी दारातून आत आली, ताटली चाटूनपुसून लख्ख केली आणि ढेकर दिल्यासारखं करून निघून गेली.

झुंबरबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. सगळं पाहिलं. बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. आपण कोणाच्या खाण्यात पडत नाही!

जीवराम बाहेर आला. रिकामी ताटली पाहून म्हणाला, "शाब्बास जिमी!" खाटेखालून कुत्र्याला ओढून काढलं आणि मिरवणुकीत सामील झाला.

नदीच्या वाळूत कानबाईचा पाट ठेवला. बाया फुगड्या घालू लागल्या. आणि देवीसमोर जिमी थरथरायला लागला. पाय फाकले, मान डुलू लागली, डोळे वर गेले. एक गिरकी घेतली, पडला, उठला, दुसरी गिरकी. बँड आपोआप बंद पडला. गर्दी दोन पावलं मागे सरली. मग ढोलवाल्याला आठवलं, की अशा वेळी थांबायचं नसतं. त्याने दुप्पट जोराने बडवायला घेतलं.

"कानबाई उनी वं माय!" फुगडीतली लिलाबाई किंचाळली. "कुत्राना आंगमा उनी!"

ओंजळीने हळदकुंकू पडलं. पांढरा जिमी क्षणात पिवळा-लाल झाला. कोणी नारळ फोडला, कोणी लोटांगण घातलं.

"देवी नाही हो! त्याची साखर उतरली!" जीवराम गर्दी फाडत आला. "गोड द्या! काहीतरी गोड द्या!"

"देवी गोड मांगस!" गर्दी गरजली.

"परवा ते एक कण चालत नव्हता," झुंबरबाई म्हणाल्या.

"मामी, सुई घेतली आणि पोट रिकामं राहिलं तर जीव जातो! पण याने तर ताटली चाटून..."

"ती पार्वतानी बकरी."

"तुम्ही पाहिलं? मग सांगितलं का नाही?"

"खावामा पडू नका, आसं कोन म्हनं व्हतं?"

जीवराम वाळूत गुडघ्यावर बसला, कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि हुंदके देऊन रडायला लागला. बापाच्या मयतीला हाच माणूस कोरड्या डोळ्यांनी लाकडं मोजून घेत होता! जिमीची जीभ बाहेर लोंबत होती. झुंबरबाई पुढे सरकल्या. आपला मान राखता राखता मुक्या जिवाचे प्राण जायचे?

गोड एकाच ठिकाणी होतं: त्यांचा मुलगा अभिमन याच्या डोक्यावरच्या टोपलीत. कानबाईचा रोट, म्हणजे प्रसादाची पुरणपोळी आणि खीर. त्यांनी टोपलीला हात घातला, तोच चुलतदीर आधारनाना आडवे आले.

"वैनी! रोट भाऊबंदकीना भाहेर जात नही. जवाईलेबी देतस नही, आनी कुत्राले दिशी?"

खरंच होतं. जीवराम स्वतः कालपासून शेजारी पार्वताबाईकडे भाकर खात होता. आई-आजीपासून चालत आलेला नियम. मोडला तर कुळाला दोष. झुंबरबाईंनी एकदा देवीकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे. मग आवाज चढवला.

"नाना, देवी गोड मांगी ऱ्हायनी, आनी तू नही म्हनस? म्हन. बठ्ठासमोर म्हन!"

ढोल थांबला. सगळं गाव नानांकडे पाहू लागलं. नाना बाजूला झाले.

"घशात ओतू नका, हिरड्यांना चोळा!" जीवराम ओरडला.

झुंबरबाईंनी, ज्यांनी जन्मात कुत्र्याला शिवलं नव्हतं, खिरीत बोटं बुडवून जिमीच्या तोंडात घातली. चोळली. पुन्हा चोळली. बऱ्याच वेळाने जीभ हलली. मग ती बोटं चाटू लागली. मग जिमी धडपडत उभा राहिला आणि पुरणपोळीवर तुटून पडला. नदीकाठ जयजयकाराने दुमदुमला. लिलाबाईने पदर पसरला, "माय, यंदा मना आंगनमा पाळना हाली का?" जिमी दोनदा शिंकला. "जुळं!" म्हणत लिलाबाईने वाळूत डोकं टेकलं.

जीवराम डोळे पुसत हसत होता. घाईत सकाळपासून त्याच्याही पोटात काही नव्हतं. कुत्र्याला भरवताना बोटांना पुरण लागलं होतं, तुपाने चमकणारं. त्याने नकळत बोट तोंडाकडे नेलं.

झुंबरबाईंनी त्याचं मनगट हवेतच धरलं.

"जवाईबुवा, पहिले नदीवर हात धुवा. जिमीनी रोट खादा, तो आजपाईन आमना घरना शे. तुम्हीन अजून पाव्हनाच शेतस."