मिन्कोदादांची हरकत नाही

घर म्हटलं की भिंती आल्या, भिंती म्हटल्या की शेजारी आले, आणि शेजारी आले की त्यांची संमती घेणं आलं. माणसाने गुहा सोडल्यापासून हा क्रम चुकलेला नाही. (गुहेत संमतीची गरज नव्हती, कारण गुहेला बाल्कनी नव्हती.)

मी ब्लॉक क्रमांक चौदा, प्रवेशद्वार 'क', याचा व्यवस्थापक. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झालो त्याच आठवड्यात रहिवाशांची सभा होती. मी पाणी प्यायला उठलो आणि परत येऊन बसेपर्यंत माझी एकमताने निवड झालेली होती.

आमचा ब्लॉक सरकारने एकोणऐंशी साली डबाबंद टोमॅटोच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी बांधला. भिंती ट्रकमधून तयार आल्या, खिडक्यांसकट. प्रत्येक कामगाराला समान ऊब मिळावी असा त्या काळचा आराखडा होता आणि तो अमलातही आला. डॅन्यूबवरून वारा सुटला की आठही मजल्यांवर सगळ्यांना सारखीच थंडी वाजायची. पुढे घरं ज्याची त्याच्या नावावर झाली आणि समता संपली. ज्याला परवडलं त्याने बाहेरून दोरीला माणूस लटकवून फक्त आपल्या खोल्यांपुरता थर्माकोल चिकटवून घेतला आणि त्याला आपल्या आवडीचा रंग दिला. सहाव्या मजल्यावर एक पिवळा चौकोन, चौथ्यावर दीड हिरवा (पुढचा अर्धा थर्माकोल मेहुण्याने पळवला). लांबून पाहिलं तर आमचा ब्लॉक गोधडी वाळत घातल्यासारखा दिसे. दुसऱ्या मजल्यावरच्या दोब्रीने तर स्वयंपाकघरच बाल्कनीत नेलं. म्हणजे आराखड्याप्रमाणे तो सव्वीस वर्षं इमारतीच्या बाहेर उभा राहून मिरच्या भाजत होता.

अशा वेळी सरकारने नूतनीकरणाची योजना आणली. संपूर्ण इमारत थर्माकोलात गुंडाळून मिळणार, फुकट. अटी अगदी साध्या होत्या. एक, चोवीसही घरमालकांची लेखी संमती. दोन, कामाआधी इमारतीची 'विद्यमान स्थिती' छायाचित्रांसह. तीन, काम झाल्यावर दर्शनी भिंतीवर व दारावर काहीही चिकटवायचं, ठोकायचं, टांगायचं किंवा वाळवायचं नाही. चार, मुदत शुक्रवार. (कोणता शुक्रवार ते पत्रात नव्हतं. आम्ही येणारा धरला, कारण सरकारशी पैज लावू नये.)

तेवीस सह्या मी दोन दिवसांत आणल्या. पाचव्या मजल्यावरची बाई सही करेना, तिला गुलाबी रंग हवा होता. मी तिला गुलाबीचं वचन दिलं. सातव्या मजल्यावरच्याला गुलाबी नको होता. त्यालाही वचन दिलं. चोविसावी सही मिन्कोदादांची. तेवढी एकच अडचण होती, की मिन्कोदादा नऊ महिन्यांपूर्वी वारले होते.

मिन्कोदादा वेल्डर. आवारातला झोका, सायकलींचं कुलूपघर, माझ्या दाराची कडी, सगळं त्यांच्या हातचं. माणूस कमी बोलायचा. थंडी पडली की खिडकीच्या फटीत वर्तमानपत्रं कोंबत बसायचा आणि म्हणायचा, "बातम्या निदान इथे तरी उपयोगी पडतात." त्यांच्या माघारी त्सोन्कावहिनी एकट्या राहत होत्या. वारस म्हणून मुलीचंही नाव लागणार होतं, पण मुलगी स्पेनमध्ये संत्री भरायच्या कारखान्यात. तिची संमती वकिलातीमार्फत यायला चार महिने. यादीत मात्र अजून मिन्कोदादाच होते. नगरपालिकेत मृत्यूची नोंद दुसऱ्या मजल्यावर होते आणि घरांची यादी तिसऱ्यावर असते. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावर ते वारलेले होते आणि तिसऱ्यावर धडधाकट. मधला जिना कोणी चढत नाही, कारण लिफ्ट आहे.

"वहिनी," मी म्हटलं, "फॉर्म आहे."

त्यांनी चष्मा लावला, यादी वाचली, बोट नवऱ्याच्या नावावर थांबलं. "हा तर अजून आहे की इथे."

"आहेत ना. तोच तर प्रश्न आहे."

"त्याने केली असती सही. थंडीनेच छाती धरली त्याची." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही जरा तो जर्दाळूचा मुरंबा बघा बरं, यंदा घट्ट झालाय का."

मी तीस वर्षं प्रगतिपुस्तकावरच्या आईबापांच्या सह्या पाहिल्या आहेत. कोणती कोणी केली ते मला पाठमोरा असतानाही कळतं. मी मुरंबा पाहिला. मुरंबा उत्तम होता. फॉर्मवर शाई ओली होती आणि संमती शंभर टक्के झाली होती.

इथे आमच्याकडचा एक रिवाज सांगणं भाग आहे, नाहीतर माझा पुढचा गुन्हा कळायचा नाही. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापलेला एक कागद इमारतीच्या दारावर लावतात. चाळीस दिवसांनी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, आणि पुढे दर वर्षी त्या तारखेला एक. येणारा-जाणारा थांबतो, वाचतो, "अरे, इतकी वर्षं झाली?" म्हणतो आणि आत जातो. ज्याचा कागद लागला नाही, त्याला घरच्यांनी टाकलं असं समजतात. मिन्कोदादांचा सहा महिन्यांचा कागद तेव्हा दारावर होता. सोमवारी इंजिनिअर राल्येवाबाई विद्यमान स्थितीचे फोटो काढायला येणार होत्या. पहाटे साडेपाचला मी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन खाली गेलो आणि मिन्कोदादांना खरवडून काढलं. आधी कपाळ निघालं, मग मिशा. डोळे काही केल्या निघेनात, त्यावर मी पाणीकपातीची सूचना लावली.

नोव्हेंबरच्या बारा तारखेला वर्षश्राद्ध होतं. वहिनी नवा कागद छापून घेऊन माझ्या दारात उभ्या.

"वहिनी, आत्ता नको. वसंतात काम पूर्ण होईल, इमारत ताब्यात मिळेल, मग दहा लावा."

"वर्ष झालं त्याला, मास्तर. दार उघडं-बोडकं दिसतंय. लोक म्हणतील, म्हातारीने दुसरा केला."

"मेलेल्या माणसाने ऑगस्टमध्ये संमती दिली असं बाहेर आलं तर थर्माकोल जाईल. अख्ख्या ब्लॉकचा."

मी 'अख्ख्या ब्लॉकचा' यावर जोर दिला. ही युक्ती सभांमध्ये चालते. त्यांनी कागदाची घडी केली आणि पदराखाली धरल्यासारखा लोकरीच्या जाकिटात धरून वर गेल्या.

वसंतात काम पूर्ण झालं नाही. वसंतात सुरू झालं. सर्वांना दिलेली वचनं पाळून इमारतीला जर्दाळूचा रंग आला, जो कोणीच मागितला नव्हता, म्हणून भांडण झालं नाही. दुसरं वर्षश्राद्धही तसंच गेलं. त्या वेळी परांची उभी होती आणि दार प्लॅस्टिकखाली होतं. या काळात मिन्कोदादांची सरकारदरबारी प्रगती मात्र थक्क करणारी होती. रहिवाशांच्या समाधानाची पाहणी टपालाने झाली. ज्यांनी उत्तर दिलं नाही ते 'पूर्ण समाधानी' धरायचे असा नियम होता, त्यामुळे दादा पूर्ण समाधानी. (एकंदर समाधान शहाण्णव टक्के. उरलेले चार टक्के म्हणजे दोब्री, ज्याच्या चुलीच्या आणि जेवणाच्या टेबलाच्या मधून इमारतीची बाहेरची भिंत जाते हे सिद्ध होऊन तिथे थर्माकोल लावला गेला.) चोवीस फायलींपैकी तेवीसमध्ये तक्रारी होत्या. एकट्या मिन्कोदादांची फाइल कोरी. त्यांनी आवाजाबद्दल लिहिलं नव्हतं, धुळीबद्दल लिहिलं नव्हतं, रंग बदला म्हटलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात पत्र आलं. इमारतीचं हस्तांतरण समारंभपूर्वक होईल, आणि त्या वेळी श्री. मिन्को वालकोव्ह यांना 'आदर्श रहिवासी' म्हणून गौरवण्यात येईल. फलक दर्शनी भिंतीवर बसवण्यात येईल. तारीख बारा नोव्हेंबर.

मी पत्र घेऊन वर गेलो. खरं सांगायचं तर 'दादा आजारी आहेत' असं सांगायची परवानगी मागायला गेलो होतो.

खोली उबदार होती. खिडकीच्या फटीतली वर्तमानपत्रं वहिनींनी काढून नीट रचून ठेवली होती. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"आजारी?" त्या म्हणाल्या. "मग तो बरा कधी होणार, मास्तर?"

मी पत्र परत घ्यायला हात पुढे केला.

"माझ्या हाताने मी त्याला जिवंत केलं. थर्माकोलासाठी. आता रात्री स्वेटरसुद्धा लागत नाही मला. आणि इतक्या उबेत तो नाही, हे मला दारावर लिहूनसुद्धा सांगता येत नाही." त्यांनी डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला. "श्राद्धाला वाटायचे गहू आणलेत मी. दोन किलो. कोणाला सांगायचं त्याला सांगा."

मी कोणालाच सांगितलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ते थर्माकोलमुळे नव्हतं.

बारा तारखेला उपमहापौर आले, राल्येवाबाई आल्या, रिबीन आली. अख्खा ब्लॉक खाली जमला होता. चोवीस घरांना माहीत होतं की मिन्कोदादा नाहीत, आणि चोवीसही घरं आपापल्या बुटांकडे बघत होती. उपमहापौरांनी ऊब या विषयावर भाषण केलं, मग कागद उलगडून नाव पुकारलं.

"श्री. मिन्को वालकोव्ह!"

दोब्री खोकला. मी घसा साफ करून 'आजारी' या शब्दाची तयारी केली, तेवढ्यात मागून वाट झाली. त्सोन्कावहिनी काळा रुमाल बांधून पुढे आल्या. एका हातात उकडलेल्या गोड गव्हाचं भांडं, वर पिठीसाखर आणि अक्रोड. दुसऱ्या हातात तो कागद. त्यांनी बोलण्यात वेळ घालवला नाही. नव्याकोऱ्या दाराला चार बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि मिन्कोदादा मिशांसकट परत आले.

मग त्यांनी चमचाभर गहू उपमहापौरांपुढे धरला.

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने हा चमचा पुढे आला की विचार करायला वेळ नसतो. लहानपणापासून हात आपोआप पुढे होतो आणि तोंड आपोआप उघडतं. उपमहापौरांनी टोपी काढली, गहू तोंडात टाकला आणि म्हणाले, "देव त्यांना क्षमा करो." त्यांच्यामागे समितीच्या चौघांनी म्हटलं. मग दोब्रीने, पाचव्या मजल्याने, सातव्याने. सगळ्यात मोठ्याने मी. म्हणून झाल्यावर शांतता पसरली, कारण सरकारने आपल्या तोंडाने काय मान्य केलं ते आता सरकारच्या लक्षात आलं होतं.

राल्येवाबाईंच्या हातात अहवाल होता आणि पेन उघडं होतं. तेवीस संमत्या म्हणजे योजना रद्द. योजना रद्द म्हणजे विद्यमान स्थिती पूर्ववत, म्हणजे थर्माकोल उतरवणं आणि बहुधा थंडीही परत बसवून देणं.

"कधी वारले?" त्यांनी विचारलं.

"आज तीन वर्षं झाली," वहिनी म्हणाल्या. "आणि सही माझी आहे. मास्तरांना काही माहीत नाही. ते मुरंबा बघत होते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भूगोलाच्या मास्तरासारखं क्षितिजाकडे पाहिलं. बाईंच्या ओठाला पिठीसाखर लागली होती. त्यांनी कागदावरचा फोटो बराच वेळ बघितला, मग विचारलं, "आवारातला झोका यांनीच केलाय का? मी लहानपणी शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायचे."

"त्यानेच."

बाईंनी नियमावली काढली. दारावर कागद चिकटवण्यास सक्त मनाई. कागद त्यांनी स्वतः, कोपरे न फाटता, सोडवून घेतला. फलक दर्शनी भिंतीवर बसवण्यास मात्र मान्यता होती, नव्हे, तसा आदेश होता, आणि हमीची पाच वर्षं तो कोणालाही काढता येणार नव्हता. फलकाला काच होती. काचेमागे 'आदर्श रहिवासी' या शब्दांखाली वीतभर जागा रिकामी होती. कागद तिथे बरोबर बसला.

आज आमच्या शहरात बाकीच्यांचे कागद पावसाने आठवड्यात गळून पडतात. मिन्कोदादांचा काचेमागे आहे, सरकारी खर्चाने, चार स्क्रू लावून. वहिनी रोज सकाळी बाहीने काच पुसतात. अहवालात बाईंनी लिहिलं: "सदर रहिवासी प्रतिनिधीमार्फत उपस्थित. हरकत नाही." आणि सही केली.

या प्रकरणातून मी व्यवस्थापक म्हणून एक गोष्ट शिकलो. गेली तीन वर्षं प्रत्येक सभेनंतर मी वहीत नोंद करतो, कोण बोललं आणि कोण गप्प बसलं. जो भांडतो, रंगावरून कटकट करतो, खोटी सही करून वर ती मान्य करतो, तो जिवंत आहे हे धरून चालायला हरकत नसते. जो सगळ्याला मान डोलावतो, त्याच्याकडे मी सभा संपल्यावर हळूच वर जाऊन बेल वाजवतो.

मी मेलेल्या माणसाची खोटी संमती घेतली, त्याला सुरीने खरवडलं, त्याच्या बायकोला दोन वर्षं गप्प बसवलं. हे सगळं तुम्हाला सविस्तर सांगितलं, आणि तुम्ही इथवर एकदाही हरकत घेतली नाहीत. तुमचं नाव मी वहीत लिहून घेतलंय. बेल वाजली तर दार उघडा. नाहीच उघडलंत, तर निदान गहू कोणाकडे पाठवायचे ते आधी कळवून ठेवा.