वीतभर पोकळीतली वायर

परभणीहून पेडगावकडे जाताना आमचं गाव लागतं. गावात जनावरांचा दवाखाना आहे, दवाखान्यात लशीचा फ्रीज आहे आणि फ्रीजपासून बारा फुटांवर विजेचा बोर्ड आहे. फक्त मधली वायर नव्हती. ती सिलिंग आणि पत्रे यांच्यातल्या वीतभर पोकळीतून न्यायची होती. फ्रीज चालू झाल्याशिवाय लस मिळत नव्हती, आणि साथीत केवळाबाईच्या तीस शेळ्यांपैकी दोन मेल्या होत्या.

"वायर वढायची लांब स्प्रिंग द्या सायेब, अर्ध्या तासात पलीकडं नेतो," वायरमन मुंजाजी म्हणाला.

"कोणती स्प्रिंग? पोलादी का फायबरची?" डॉक्टर नागेश दचकले. "उद्या कुणी विचारलं तर?"

सबब साधन निवड समिती नेमण्यात आली. पोलादी स्प्रिंगमुळे पाली जखमी होण्याची शक्यता नोंदवली गेली. जनावरांच्या दवाखान्याला ते शोभलं नसतं. फायबरची तीस फुटी मिळत होती, म्हणजे अठरा फूट विनावापर पडून राहणार. शेवटी प्रत्यक्ष जागेवर चाचणी घेऊन निवड करावी असं ठरलं. चाचणी पाहायला पोकळीत निरीक्षक हवा, म्हणून सर्व कर्मचाऱ्यांच्या कंबरा मोजल्या. वीतभर कंबरेचा कर्मचारी आस्थापनेवर आढळून आला नाही, असं वर कळवण्यात आलं. तोवर आणखी चार शेळ्या गेल्या.

मग केवळाबाईच बांबूची लांब कामटी घेऊन आली. "सायेब, परकरात नाडी ओवतात का न्हाई? आदी सुतळी ओवा, मग तिला बांदून वायर वढा. त्याला कमिटी कशाला लागायलीय?"

मुंजाजीनं कामटीच्या टोकाला सुतळी बांधली आणि चहा उकळेपर्यंत वायर पलीकडे नेली. दुसऱ्या दिवशी लस आली. दहा शेळ्यांना टोचून होईतो दवाखान्याची वेळ संपली. बाकीच्या उद्यावर गेल्या.

इथं माझा संबंध येतो. मी निवृत्त मुख्याध्यापक आणि जागरूक नागरिक आहे. समितीचा अहवाल नाही, मंजूर साधनांच्या यादीत कामटी नाही, आणि सरकारी वायर परकराच्या नाडीसारखी ओवतात? मला राहवेना. त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहिला, गावानं भराभर सह्या केल्या. खात्यानं आजवर दाखवली नसेल इतकी तत्परता दाखवून सकाळीच वायर पुरावा म्हणून जप्त केली. लस गरम होऊन वाया गेली.

पंधरा दिवसांनी केवळाबाई माझ्या दारात आली. "गुर्जी, ऱ्हायलेल्या चौदाबी गेल्या. तुमचं काय अडलं हुतं?"

खरं सांगतो, मला लाज वाटली. पण नियम सर्वांना सारखा असतो, हे मी तिला नीट समजावून सांगितलं.

आता कामटी कुणाच्या परवानगीनं आत आणली, याबद्दल तिच्यावर कारवाईचा अर्ज तयार आहे. एकशे चौदा सह्या झाल्यात. कागद तुमच्याकडेही येईल. वाचत बसू नका, एरवी तरी कुठं वाचता?