नेरुरकरांचे गाल

नेरुरकर रोज सकाळी सहा वाजता माझ्याकडे बघून जीभ काढायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा टाकत उभी, आणि समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत, अगदी हाकेच्या अंतरावर, हे बावन्न वर्षांचे गृहस्थ. आधी जीभ हनुवटीपर्यंत. मग डोळे वटारणं. मग गाल टम्म फुगवून, आकाशाकडे बघत बोटांवर काहीतरी मोजणं. चार दिवस मी सोसलं. पाचव्या दिवशी हातातल्या झाऱ्यासकट खाली उतरले आणि त्यांना गेटवर गाठलं.

तर तेच माझ्यावर उखडले. म्हणे, वहिनी, तुमच्याकडे बघतंय कोण? हा गालांचा व्यायाम आहे. आणि तिथेच, वॉचमनसमोर, त्यांनी मला गाल दाखवले. खरंच उतरले होते हो. जबड्याच्या दोन्ही बाजूंना कातडं सुटून लोंबत होतं.

"पंचेचाळिशीपर्यंत जागच्या जागी होते," ते म्हणाले. "आता निघाले खाली. विचारलं का कोणी आपल्याला?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाण्याचा टँकर दोन दिवस आला नाही, विचारलं का कोणी आपल्याला? गिरीजच्या केळीवाल्याने वार बदलला, विचारलं का कोणी आपल्याला? सोसायटीच्या मीटिंगमध्ये माणूस एवढंच बोलायचा आणि सही करून घरी जायचा.

पापडीच्या नाक्यावरच्या सलूनमध्ये ते पंधरा वर्षं दाढी करत होते. एक दिवस न्हाव्याने वस्तरा थांबवून सांगितलं, साहेब, गाल जरा कानाकडे ओढून धरा, कातडं वस्तऱ्याखाली गोळा होतंय. नेरुरकर तसेच उठले. एक गाल साफ, दुसऱ्यावर फेस, आणि भर बाजारातून चालत घरी. तेव्हापासून दाढी घरीच.

आमच्या जिन्यात पाचूबंदरची एक मावशी मासे घेऊन बसायची. तिच्या टोपलीतले ओले बोंबील बघून हे एकदा असे भडकले, की तिला वाटलं मासळी शिळी म्हणतायत. ती बिचारी समजावत राहिली, "भाऊ, बोंबील असाच लोंबनार. पानी असतं त्याच्यात." त्या दिवसापासून यांच्या घरात फक्त सुके बोंबील.

पुढे अंड्याचा पांढरा बलक सुरू झाला. तो तोंडावर वाळला की ओठ हलवायचे नाहीत, म्हणून सोसायटीची नोटीस द्यायला गेलेल्या माझ्याशी हा माणूस खुणांनी बोलला. झोपताना हनुवटीखालून डोक्यावर फडकं घट्ट बांधायचे. एका पहाटे ते तसेच दार उघडायला आले, तर दूधवाल्याने पिशवी खाली ठेवून रामनाम घेतलं.

मला हसू येत नव्हतं, संताप येत होता. बायकोला जाऊन अजून चार वर्षं झाली नव्हती. एवढी सोन्यासारखी बाई, आणि हे निघाले गाल वर करायला. कोणासाठी? दुसरं लग्न, दुसरं काय. गणपतीनंतर गावाहून म्हाताऱ्या आईला आणलं, तीही घर सांभाळायला असणार. तिची दृष्टी तर पार गेलेली. मी आमच्या ह्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुला काय करायचंय? पुरुष असेच बोलणार.

त्यात भाकरीचं प्रकरण. नेरुरकर रोज गॅलरीच्या कठड्यावर अर्धी भाकरी ठेवायचे. कावळे ती उचलून थेट माझ्या खिडकीवर येत, तिथे भांडत आणि तुकडे माझ्या पापडांवर टाकत. एका रविवारी दुपारी पापडांचं अख्खं ताट फुकट गेलं. मी तशीच उठले आणि समोरच्या बिल्डिंगचा जिना चढून गेले. दार उघडंच होतं.

"नेरुरकर, तुमचे हे कावळे..." मी म्हणाले आणि थांबले.

आई पलंगावर बसली होती. मांडीजवळ ताट. समोर जमिनीवर नेरुरकर गुडघे टेकून, गाल फुगवून, श्वास कोंडून. म्हातारी दोन्ही हातांनी त्यांचे गाल चाचपत होती, अगदी सावकाश. नेरुरकरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

"कोण इला?" आईने विचारलं. मी समोरची म्हणून सांगितलं.

"बस गो बाय. ह्याचे गाल बघ. सून गेली तेव्हापासून हा जेवक नाय. माका सांगता, आये, जेवलंय. पण हाताक कळता मां. म्हणान मी माझी अर्धी भाकरी ह्याच्यासाठी ठेवतंय." मग तिने आवाज खाली आणला. "आज भरल्यासारखे लागतत. पण ह्यो बोलत नाय. तू सांग, खरोच भरलो मां माझो झील?"

नेरुरकरांचा चेहरा लाल झाला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं, श्वासामुळे असेल. रोज सकाळी बोटांवर काय मोजतात आणि कठड्यावरची अर्धी भाकरी कुणाच्या ताटातली ते मला तेव्हा कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली. तोवर मी आयुष्यात कुणाचं खोटं चालवून घेतलं नव्हतं.

"भरलेत हो काकी," मी म्हटलं. "शर्टाचं बटण लागत नाही पोटावर. तुमचीसुद्धा भाकरी हेच खातात. आता देऊ नका त्यांना."

म्हातारी हसली. ताटाच्या कडेला काढून ठेवलेली अर्धी भाकरी तिने चाचपून जवळ ओढली आणि आमटीत मोडली.

नेरुरकर उठून गॅलरीत गेले आणि आमच्याकडे पाठ करून सगळी हवा सोडली. गाल पुन्हा खाली आले असणार. मी मागोमाग गेले, तर वळून बघायचंही धाडस त्यांना होईना.

"खातेय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"खातायत."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता ते पुन्हा गॅलरीत होते, जीभ हनुवटीपर्यंत. कठड्यावर भाकरी नव्हती. कावळे मात्र वेळेवर आले आणि माझ्या खिडकीवर बसून ओरडत राहिले. चहा गाळता गाळता मी त्यांना म्हटलं, ओरडा. विचारलं का कोणी तुम्हाला?