सगुण गावस माल बांधतो

सगुण गावस स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाला दोराने बांधतो. ही अतिशयोक्ती नाही, मला त्याने दोनदा बांधलं आहे. पहिल्यांदा डिचोलीच्या बाजारात. मी पिशव्या घेऊन उभा होतो, त्याने आपणहून स्कूटर थांबवली आणि म्हणाला, "बस." मी बसलो. त्याने डिकीतून नायलॉनचा दोर काढला, माझ्या कमरेला एक वेढा दिला, सीटच्या मागच्या दांडीला दुसरा, आणि गाठ मारली. मग दोन पावलं मागे सरून त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे मालाकडे.

"माल बसलो?"

बसलो, म्हणालो. दुसरं काय म्हणणार. घरी पोचल्यावर गाठ सुटेना, तेव्हा त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, स्वयंपाकघरातून कोयता आणला. तो आणताना त्यांच्या चेहऱ्यावर कसलंही आश्चर्य नव्हतं. कोयता याच कामासाठी हाताशी ठेवलेला असतो हे मला पुढे कळलं.

सगुण माझा शेजारी. उमेदीची सगळी वर्षं त्याने खाणीवर टिपर चालवला. या धंद्याची रीत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. यंत्र वरून ट्रकच्या हौद्यात खनिजाची माती ओततं. ड्रायव्हर ती घेऊन नदीच्या धक्क्याकडे सुटतो. धक्क्यावर तो डाव्या हाताने एक दांडा ओढतो, हौदा आपोआप उचलला जातो, माती खाली पडते, आणि ड्रायव्हर पुढच्या खेपेला परत सुटतो. या सगळ्यात मालाकडे बघण्याचा प्रसंग येत नाही. वाटेत जे सांडायचं ते गावकऱ्यांच्या भातावर, कपड्यांवर आणि फुफ्फुसांत सांडायचं, आणि त्याबद्दल ड्रायव्हरला कुणी जाब विचारत नसे. ज्याच्या खेपा जास्त तो मोठा माणूस. सगुण मोठा माणूस होता.

मग खाणी बंद झाल्या. टिपर ज्याच्या त्याच्या अंगणात उभे राहिले. त्यांच्यावर वेली चढल्या, कोंबड्यांनी सीटवर अंडी घातली. सगुण घरात बसला. घरात बसणं त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात तो खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे गिअर मोजायचा. दुसऱ्या पावसाळ्यात त्याने तेही सोडलं. दाढी करणं सोडलं, बाजारात जाणं सोडलं. हाक मारली तर 'हां' म्हणायचा, आणि त्या 'हां'चा पुढे काही अर्थ नसायचा.

तेवढ्यात डिचोलीच्या एका बांधकाम सामानाच्या व्यापाऱ्याने नवा ट्रक घेतला. पोर्तुगीज गेले तरी मालकाला आमच्याकडे पात्रांव म्हणतात, त्यामुळे या व्यापाऱ्यालाही सगळे पात्रांवच म्हणतात. ट्रक सपाट पाठीचा होता. हौदा नाही, फाळकी नाहीत, नुसती लांबच लांब पाठ. विकणारा त्याला फ्लॅटबेड म्हणाला. सगुणने एकदा बघितलं आणि म्हणाला, "ह्यो तर पाट." जेवायला बसायचा पाट असतो तसा. तेव्हापासून ती गाडी म्हणजे पाट. पात्रांवाला ड्रायव्हर हवा होता, आणि सगुणइतका अनुभव तालुक्यात फार थोड्यांकडे होता. अनुभव कशाचा, हे कुणी विचारलं नाही.

पहिली खेप केरीच्या एका रिसॉर्टसाठी पाण्याच्या रिकाम्या टाक्यांची होती. टाक्या मोठ्या होत्या, काळ्या होत्या आणि पूर्णपणे पोकळ होत्या. सगुणच्या आयुष्यात तोवर पोकळ माल आलेला नव्हता. गोदामातल्या माणसाने दोर पुढे केला तेव्हा सगुण हसला. "एवढा मोठा ता. खंय जातला?"

आणि तो सुटला. खेपेच्या वेगाने.

केरीला पोचल्यावर त्याने रिसॉर्टच्या फाटकातून गाडी अशी सफाईने मागे घेतली की रखवालदार बघत राहिला. मग सवयीप्रमाणे डावा हात दांड्याकडे गेला. दांडा नव्हता. तो खाली उतरला, मागे जाऊन बघतो तर पाट स्वच्छ. आता इथे दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर आल्या रस्त्याने धावत सुटला असता. सगुण खाणीवरचा. त्याला वाटलं, माल ओतून झाला. तो परत केबिनमध्ये चढला, आणि रखवालदाराने काच ठोठावून टाक्या कुठे आहेत असं विचारीपर्यंत तो समाधानात होता.

टाक्या इब्रामपूरच्या उतारावर होत्या. एक काजूच्या बागेत अडकली होती. एक शेतात लोळत होती आणि तिच्यावर कुत्रे भुंकत होते. एक मात्र रस्त्याच्या कडेला सरळ उभी राहिली होती. सगुण ती घ्यायला परतला तेव्हा तिथे माणसं जमली होती. सरकारने कबूल केलेली पाण्याची योजना अखेर आली, असं त्यांना वाटलं होतं. एका म्हातारीने सगुणला विचारलं, "बाबा, आनी नळ कधी येतलो?"

पात्रांव ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "सगुण, आनी एक वस्तू पडली तर तू घराक."

घराक हा शब्द सगुणच्या कानावर कसा पडला असेल ते सुमनवहिनींना बरोबर कळलं. त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांका परत घरात बसलेले माका बघवचे नाय." नंतर त्यांनी अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी सोडली, गुंडाळली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

त्या दिवसापासून सगुण माल बांधतो.

रिसॉर्टच्या खुर्च्या नेल्या तर प्रत्येक खुर्ची वेगळी बांधली. माल उतरवायला माणसं सकाळी लागली ती दुपारी जेवायला उठली, आणि अर्ध्या खुर्च्या अजून बांधलेल्या होत्या. पावसाआधी केरीच्या किनाऱ्यावरची लाकडी खोपटी मोडून आत आणतात, त्या कामात त्याने खोपट्यांबरोबर पायरीवर झोपलेलं मांजरही बांधलं, असं तिथले लोक सांगतात. मांजराचं तो नाकारतो. सराव सुटू नये म्हणून तो घरातही बांधतो. गॅसचा सिलिंडर बांधलेला आहे. टीव्ही बांधलेला आहे. भिंतीवर त्याच्या कैलासवासी वडिलांची तसबीर आहे, तिलाही उभा एक आणि आडवा एक असे दोन वेढे आहेत. त्या माणसाने हयातीत कुणाचं बंधन मानलं नव्हतं.

दोर बांधला की संपत नाही. गाडी चालली की माल खाली बसतो, माल बसला की दोर सैल पडतो. म्हणून थोडं अंतर गेल्यावर थांबून एकदा दोर आवळायचा, अशी या धंद्यातली रीत आहे. एकदा. सगुण प्रत्येक वळणावर थांबतो. दोन थांब्यांच्या मध्ये तो ज्या वेगाने चालवतो त्याला वेग म्हणणं धाडसाचं आहे. केरीच्या वाटेवर लाटंबार्शाला त्याला बस मागे टाकते, ट्रॅक्टर मागे टाकतो, आणि लग्नाची वरात निघाली असेल तर तीही. बसचा कंडक्टर दारात लोंबकळत ओरडतो, "सगुणा, ढकलूक येव काय रे?"

सगुणचं उत्तर ठरलेलं. "तू फुडे हो. तुजो माल आपणच चढता नि आपणच उतरता. माजो माल मुको असा!"

शिगम्यात पात्रांवाने ट्रक गावच्या मंडळाला चित्ररथासाठी दिला, ड्रायव्हरसकट. देखावा देवी आणि राक्षसाच्या युद्धाचा होता. देवी अंगणवाडीच्या बाई, राक्षस पंचायतीतला कारकून. मिरवणूक निघायच्या आधी सगुण दोर घेऊन वर चढला.

"देवीक दोर? लोक काय म्हणतले?" बाई म्हणाल्या.

"लोक जमनीर असत. तुमी पाटार असात."

राक्षसाच्या कमरेला तीन वेढे पडले. कारकून कळवळला, "सगुणा, माका असो बांधलंस तर मी लढतलंय कसो?"

"बसान लढ."

राक्षस बसून लढला. हात पोचेना म्हणून तलवार दोनदा हवेत फिरवली आणि उरलेला वेळ त्याने देवीकडे नुसतं रागाने बघितलं. परीक्षकांना ते फार आवडलं. पराभूत राक्षसाची असहायता प्रथमच एवढ्या संयमाने दाखवली गेली, असं बक्षीस देताना ते म्हणाले.

पण बाजाराच्या कोपऱ्यावर देवीचा मुकुट पडला. पुठ्ठ्याचाच, आणि एकाने वरच्यावर झेललाही. तरी पडला तो पडला. सगुण दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून पात्रांवासमोर जाऊन उभा राहिला. गाडीची चावी त्याने टेबलावर ठेवली होती.

पात्रांवाने मालाच्या पावत्यांचं चलानबुक उघडलं. "मुकुटाचा चलान केल्लंस?"

"नाय."

"मगे तो माल न्हय. चावी उचल."

इथवर हे सगळं मी हसत हसत सांगत आलो आहे, आणि बाजारातही असंच हसत हसत सांगितलं जातं. गेल्या वर्षी मात्र पात्रांवाने मला दुकानात थांबवून एक गोष्ट विचारली. गाडी कुठे आहे ते दाखवणारं यंत्र त्याने ट्रकला बसवून घेतलं होतं. दुकानातल्या पडद्यावरच्या नकाशावर बोट ठेवून तो म्हणाला, "जाताना थांबता, ता कळला. येताना रिकामी गाडी घेवन लाटंबार्शाक कित्याक थांबता? रिकाम्या गाडीर बांधूक काय असा?" मग आवाज खाली आणून, "तुमी शेजारी म्हणान सांगतंय. माज्या दुसऱ्या ड्रायव्हरान भावाच्या हातात स्टेअरिंग दिल्ला. त्याच दिवशी काढलो मी त्याका. इन्शुरन्सवालो आयकना नाय मरे."

मला त्या आठवड्यात केरीला बहिणीकडे जायचं होतं. मी सगुणच्या गाडीतून गेलो. जाताना पाइप होते, आणि आम्ही सगळ्या वळणांवर थांबलो. येताना पाट रिकामा होता. इब्रामपूरला तो थांबला नाही. पुढेही कुठे थांबला नाही. लाटंबार्शाला एका वळणावर, अंगणात जुना टिपर उभा असलेल्या घरासमोर, त्याने गाडी बाजूला घेतली.

रस्त्याच्या कडेला एक म्हातारा उभा होता. इस्त्री केलेला खाकी शर्ट, पायात बूट, केस पाण्याने चापून बसवलेले. सगुण खाली उतरताना लंगडायला लागला. सबंध दिवसात तो लंगडला नव्हता.

"वस्ताद, पाय आखडलो हा माजो. देवळापर्यंत वायच गाडी घेशात काय?"

"तुमी आजकालचे ड्रायव्हर," म्हातारा म्हणाला आणि एका उडीत वर चढला.

मी पाटावर बसून जातो म्हणालो, तर म्हाताऱ्याने मला आत, मधे बसायला सांगितलं. माल आणि माणूस एका जागी ठेवायचा नसतो, म्हणाला. हा बाबुसो. सगुण त्याच्याच टिपरवर गाडी शिकला होता. मी इतकी वर्षं सगुणचं चालवणं बघत होतो, म्हणून सांगतो, तेवढा रस्ता ती गाडी निराळी होती. गिअर पडल्याचं कळत नव्हतं. बाबुसो वळण यायच्या आधी वळणाच्या तयारीत असायचा. देवळाशी आल्यावर तो उतरला, टायरला एक लाथ मारली, आणि म्हणाला, "क्लच जड जाता. मालकाक सांग."

"सांगतंय, वस्ताद."

बाबुसोची बायको पाण्याचा तांब्या घेऊन देवळाशी आधीच येऊन थांबली होती. नवरा चार पावलं पुढे गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, "गाडी येवची असली की दुपारी येळेर जेवतत. नायतर ताट तसाच रवता."

मी सगुणला विचारलं, पात्रांवाला कळलं तर?

त्याने गाडी रस्त्यावर घेतली. एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला.

"काढतलो," तो म्हणाला. मग म्हणाला, "मी घरात बसललंय. माका ठावक असा ता काय असता."

दुसऱ्या दिवशी मी खिळे घ्यायला दुकानात गेलो. पात्रांवाने गिऱ्हाईक सोडून माझ्याकडे बघितलं.

"मगे? कित्याक थांबता?"

"दोर तपासायला."

"रिकाम्या गाडीचे?"

"सैल पडतात, म्हणे."

पात्रांवाने समोरचा नकाशा पाहिला. पडद्यावर कालच्या खेपेतली गाडी लाटंबार्शाच्या वळणापासून देवळाकडे चालली होती, एका लयीत, कुठेही न अडखळता. पात्रांव गाड्यांच्या धंद्यात लहानपणापासून आहे. कोणता हात कसा चालवतो हे त्याला कळत नसेल असं मी म्हणणार नाही.

"पडतत," तो म्हणाला. "किती इंची खिळे व्हये?"