घर क्रमांक एक

जो पत्ता संगणकाला कळत नाही, त्या पत्त्यावर माणूस राहूच शकत नाही. सोलापुरातला आमचा नळजोडणी कक्ष याच भक्कम पायावर उभा आहे.

पत्ता तपासायला आमच्या संगणकात सांकेतिक चिन्हांची एकच ओळ आहे. तिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. कंस, तारे, टोप्या आणि तेवीस उलट्या तिरप्या रेघा. (त्यातल्या बावीस कशासाठी, ते लिहिणाराच जाणे. तो आता बार्शीत मोबाइलचं दुकान चालवतो आणि आमचा फोन उचलत नाही.) पत्ता ओळीत बसला तर ‘वैध’, नाहीतर ‘अवैध’. कारण सांगायची तिला सवय नाही. आमच्यात ती चटकन रुळली.

मायाक्का नळाच्या अर्जासाठी नवव्यांदा आल्या. पत्ता: गिरणीच्या मागं, जिना चढून डावीकडं. गुडघे गेलेले, आणि त्याच जिन्यावरून रोज आठ घागरी. मला वाईट वाटलं. तसं मी शेरा-रकान्यात नोंदवलंही.

“सायब, पोस्टमन रोज येतोय की! त्येला कसा घावतोय पत्ता?”

“पोस्टमन संगणकीकृत नाही,” आमचे कक्षप्रमुख सोमशेखर साहेब म्हणाले.

नवी प्रोग्रॅमर धम्मप्रिया म्हणाली, ओळ काढू, पार्सर कॉम्बिनेटर घेऊ. म्हणजे छोटे छोटे वाचक. एक फक्त घर क्रमांक वाचतो, एक खुणेची जागा, एक ‘मागं-पुढं’. हवे तसे जोडायचे. एकाला जमलं नाही तर दुसरा बघतो, आणि कुणालाच नाही जमलं तर नेमकं कुठं अडलं ते सांगतात. चाचणीत चारशेपैकी तीनशे अठ्ठ्याण्णव पत्ते कळले. नळ मंजूर करणारी समिती हादरली. (आजवर एकतीस कळायचे. पाइपही तेवढेच असायचे.)

“कुठं अडलं ते मशीनच सांगणार,” साहेब म्हणाले, “मग लोकांनी आपल्याकडे यायचं कशाला?”

ओळ कायम राहिली. नागरिकांच्या सोयीसाठी मात्र ओळीला चालणारा एक नमुना पत्ता आम्ही फलकावर लावला: घर क्र. १, गल्ली क्र. १. आठवड्याभरात गिरणीमागच्या चाळीस घरांनी दारावर ‘१’ रंगवला. मायाक्कांनीही. चाळीसही अर्ज वैध! नळ एक बसला, पहिल्या दिसलेल्या ‘१’ला. तो गिरणीच्या बंद गोदामाचा जुना क्रमांक निघाला. दप्तरी मायाक्कांकडे आता पाणी आहे. घागरी त्या हौसेनं वाहतात असं आम्ही धरून चालतो.

तुम्ही हसाल. पण मागच्या ऑनलाइन अर्जात लाल अक्षरं उमटली, तेव्हा तुम्ही कुठं तक्रार केलीत? तुम्ही पत्त्यातून आधी गिरणी काढलीत, मग जिना काढलात, आणि हिरवी खूण दिसताच हुश्श केलंत. उरलेल्या पत्त्यावर राहतं कोण, हे आम्ही विचारणार नाही.