वरचा सांबार

"ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावे. बचतघरमध्ये सर्व वस्तूंचे दर आधीच कमी केलेले आहेत. भाव करण्याची आवश्यकता नाही. धन्यवाद."

प्रतापनगरच्या बचतघरात ही सूचना स्पीकरवर दिवसभर वाजत असे. मनकर्णाला ती पाठ झाली होती. तिच्या हाताला मात्र अजून ऐकू गेली नव्हती.

हात जुना होता. मनकर्णानं अर्धं आयुष्य भाजीचा ठेला ढकलला. गुडघ्यांनी नकार दिला तेव्हा ठेला विकून टाकला आणि बचतघरात भाजीच्या वजनकाट्यावर लागली. तात्पुरती. काम सोपं होतं. गिऱ्हाइकानं निवडलेली भाजी काट्यावर ठेवायची, बटण दाबायचं, निघालेलं स्टिकर पिशवीला चिकटवायचं. डोक्यावर छप्पर, पाठीवर थंड हवा, महिना भरला की पगार. आज पुण्याच्या मुख्य ऑफिसातून उत्तरा मॅडम येणार होत्या आणि तात्पुरत्यांपैकी कोणाला कायम करायचं, कोणाला घरी पाठवायचं, ते ठरवून जाणार होत्या. मॅनेजर केशवनं सकाळीच बजावलं होतं, की मावशी, आज फक्त स्टिकर. गप्पा नकोत. ठेला विकलेल्या बाईला हे दोनदा सांगावं लागत नाही.

आणि नेमक्या तुळसाबाई आल्या.

तुळसाबाई म्हणजे तिचं जुनं गिऱ्हाईक. रोज सकाळी फाटकाशी उभं राहून मनकर्णाशी भांडल्याशिवाय त्यांचा चहा घशाखाली उतरत नसे. ठेला बंद झाल्यापासून त्यांना चहाची चव नव्हती.

"इथं येऊन बसली काय वं? आमी तिकडे भाजीवाचून मरून राहिलो."

मनकर्णानं हसू आवरलं, वांगी तोलली, स्टिकर लावलं आणि पिशवी पुढे केली. तुळसाबाईंनी ती घेतली. पण हलल्या नाहीत. पिशवीचं तोंड उघडं धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

बोलायची गरजच नव्हती. ज्यानं या गावात कधी भाजी घेतली आहे तो असाच उभा राहतो, आणि जिनं विकली आहे तिचा हात बाजूच्या कोथिंबिरीकडे, म्हणजे इथल्या सांबाराकडे, आपोआप जातो. गेला. चार काड्या सांबार, दोन हिरव्या मिरच्या, पिशवीत. सगळं एका शिंकेइतक्या वेळात. शिंकेवर असतो तेवढाच ताबा मनकर्णाचा त्यावर होता.

मागे रुपराव नावाचे पेन्शनर दोन लिंबं घेऊन उभे होते. त्यांनीही पिशवी उघडी धरली.

"आन् मले?"

आता एकीला दिला आणि दुसऱ्याला नाही, असं ठेल्यावर कधी झालं नव्हतं. रुपरावांना मिळाला. रुपरावांमागच्या बाईला मिळाला. रुपरावांनी बायकोला फोन लावला, बायकोनं बहिणीला, बहीण धरमपेठेतून निघाली. थोड्या वेळानं लोक एकेक बटाटा घेऊन रांगेत उभे राहायला लागले. केशवनं लांबून रांग पाहिली, जवळ येऊन कारण पाहिलं आणि माइककडे धावला.

"ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावे. भाजी काउंटरवर सांबार मोफत मिळत नाही. कृपया मोफत सांबारासाठी रांग लावू नये."

साबणाच्या गल्लीतल्या लोकांना तोवर यातलं काहीच माहीत नव्हतं. ही सूचना झाली आणि सगळ्या ट्रॉल्या एकदम वळल्या.

पुढचं सांबारापुरतं राहिलं नाही. लोकांना अचानक आठवलं की आपण बाजारात आलो आहोत. डाळीच्या पिंपापाशी एकानं तोलून झाल्यावर वरून मूठभर मागितली. एका बाईनं तेलाच्या डब्यावर लहान डबा मागितला. आणि गल्ल्यावर एका काकांनी टूथपेस्टचा भाव विचारला, तो खोक्यावर छापलेला होता, ऐकून मान हलवली, "राहू द्या मग" म्हणाले आणि चालते झाले. हळूहळू. चार पावलांवर थांबले. मागून हाक यायला हवी होती. गल्ल्यावरची दामिनी मॉलमध्येच वाढलेली पोरगी, तिला हाक मारायची असते हे माहीतच नव्हतं. तिनं पुढच्याचं सामान घेतलं. काका दाराशी उभे राहून तिच्याकडे बघत राहिले. शेवटी परत आले आणि ठरलेल्या भावात टूथपेस्ट घेतली, पण तोंड असं, की दामिनीलाच वाईट वाटलं. मग पुढचं गिऱ्हाईक नुसतं खोकलं तरी तिनं "या ना काका, परत या" म्हणायला सुरुवात केली.

एवढ्यात दाराशी घोडं अडलं.

दारावर धोंडबा होता. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पिशवीतला माल बिलाशी ताडून पाहायचा, मग शिक्का मारायचा, हे त्याचं काम. तुळसाबाई घरभराचं सामान घेऊन उशिरानं दाराशी पोचल्या होत्या.

"बाई, बिलात सांबार नाही."

"बिलात कसा राहीन? तो वरचा आहे."

"मले समजते, बाई. बिलाले नाही समजत."

तुळसाबाई म्हणाल्या की मी हलणार नाही. धोंडबा म्हणाला की शिक्का बसणार नाही. मागे रांग तुंबली. केशव धावत आला, आणि त्याच वेळी काचेचं दार उघडून उत्तरा मॅडम आत आल्या. गडबडलेल्या केशवच्या तोंडून जो शब्द निघायला नको तोच निघाला.

"मॅडम, चोरीची छोटी केस आहे."

रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. स्पीकर नेमका तेव्हाच थांबला होता. तुळसाबाईंनी पिशवी खाली ठेवली. त्यांचा चेहरा मनकर्णाला काट्यावरून दिसत होता, आणि तिनं इतक्या वर्षांच्या भांडणात तो असा कधी पाहिला नव्हता.

ती काटा सोडून निघाली. गुडघे दुखत होते, त्यामुळे वाट बरीच लांबली. वाटेत परत फिरायला पुष्कळ वेळ होता.

"मी टाकला," ती म्हणाली. "बाईनं मांगितला नाही. चोर म्हनायचं तं मले म्हना."

"काहून टाकला पण, मावशी?" केशव कळवळून म्हणाला. पुण्याच्या मॅडमसमोर आपण प्रमाण मराठी बोलतो, हे तो विसरला.

मनकर्णानं विचार केला. दुसरं काही कारण सापडेना.

"त्या उभ्या होत्या," ती म्हणाली.

उत्तरा मॅडमनी सांबार शून्य रुपयांत बिलावर चढवायला सांगितला. दामिनी म्हणाली, मशीन शून्य घेत नाही. मग मॅडमनी स्वतः शिक्का मारला, तुळसाबाईंची माफी मागितली आणि केशवला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. मनकर्णानं एप्रन काढून घडी घातली आणि काट्यापाशी बसून राहिली. ठेला कोणाला विकला होता ते आठवायला लागली.

आत मात्र मॅडम भाजीची विक्री बघत होत्या. दुपारच्या आत वांगी संपली होती. लिंबं संपली होती. कालचे मलूल दोडके, जे केशवनं टाकून द्यायला काढले होते, तेही गेले होते.

"ग्राहकांसाठी आनंदाची बातमी. भाजीच्या प्रत्येक खरेदीवर आता सांबार मोफत. पाकीट काउंटरवरून घ्यावे."

मनकर्णा कायम झाली. सांबार पुण्याच्या सांगण्यावरून लहान लहान पाकिटांत आला, वर स्टिकर, मशीनला शून्य शिकवून बिलात नोंद. धोंडबाचीही सोय झाली.

आणि कोणी घेईना.

रुपरावांनी पाकीट उलटंपालटं करून तारीख शोधली आणि ठेवून दिलं. तुळसाबाईंनी ते बोटानं बाजूला सारलं आणि पिशवीचं तोंड उघडं धरून उभ्या राहिल्या.

"हा तं सगळ्यालेच भेटते," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांत भाजीची रांग ओसरली. केशवनं पुण्याला फोन केला आणि घाबरत घाबरत एक कल्पना सांगितली. मॅडमनी ती पुन्हा एकदा सांगायला लावली. मग मॅडम म्हणाल्या, करून बघा, पण नीट करा. लोकांना खरं वाटलं पाहिजे.

मोफत सांबाराची सूचना बंद झाली, धोंडबाला पिशवीतला सांबार दिसेनासा झाला. तेव्हापासून मनकर्णा पाकीट काउंटरच्या खाली फोडते. इकडेतिकडे बघते आणि चार काड्या हातानं पिशवीत सरकवते. केशव बिस्किटांच्या मांडणीशी उभा राहून तिच्याकडे रागानं बघतो. हेही आता त्याच्या कामात आहे. पहिल्या दिवशी त्याला राग जमेना, नुसता अपचन झाल्यासारखा दिसायचा. आता बरा जमतो. अधूनमधून जवळ येऊन "मावशी, काय चाललं?" असंही विचारतो, आणि त्या दिवशी भाजी लवकर संपते.

काल तुळसाबाई आल्या. मनकर्णानं हात सरकवला. तुळसाबाईंनी पिशवीत बघितलं, मग बिस्किटांकडे बघितलं, आणि अर्धा सांबार काढून गुपचूप परत काउंटरवर ठेवला.

"पुरे वं," त्या कुजबुजल्या. "तुझा साहेब पाहून राहिला. आधी पक्की तं होऊ दे नोकरी. माह्या भाजीत कमी पडला तं काही बिघडत नाही."

मनकर्णानं तोंड उघडलं. खरं सांगावंसं वाटलं. मागे रुपराव हळूच एक पाऊल बाजूला सरकले होते आणि साहेबाला काही दिसू नये म्हणून आपली रुंद पिशवी पदरासारखी पसरून उभे होते. त्यांच्या मागच्या दोघीही सरकल्या.

"बरं, बाई," मनकर्णा म्हणाली.

पलीकडे केशवला आता कोणीच दिसत नव्हतं. त्यानं अंदाजानं आणखी थोडा राग आणला.